काळा पडदा आणि त्यामागील यंत्र

जबलपूर येथे राहणाऱ्या एका संशोधिकेने एके रात्री आपल्या संगणकावरील प्रणालीची नवी आवृत्ती चढविण्यास प्रारंभ केला, अशी क्षणभर कल्पना करावी. संगणक सहा वर्षांपूर्वी घेतलेला. त्यावरील प्रणाली लिनक्स कुळातील, डेबियन नावाची. त्याच्या डिस्कवर नर्मदेच्या खोऱ्यातील गवतांची सहा पावसाळ्यांत केलेली मोजमापे, काही सहस्र छायाचित्रे आणि अर्धा लिहून झालेला प्रबंध एवढा ऐवज साठविलेला. बाहेरच्या डिस्कवर घेतलेली त्याची अखेरची प्रत आठ महिन्यांपूर्वीची. नव्या आवृत्तीचे सारे भाग इंटरनेटवरून उतरून घेण्यास दीड तास लागला. पुढील काम आपोआप चालू झाले, तेव्हा ती जेवावयास उठली.

ती परतली त्या वेळी पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर इंग्रजी मजकुराच्या काही ओळी होत्या. पडद्याला कुलूप घालणारी आज्ञावली मोडली असून कुलूप आता उघडता येणार नाही. दुसऱ्या टर्मिनलवर जाऊन अमुक आज्ञा द्यावी, असे त्यांत म्हटले होते. दुसरे टर्मिनल म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हते. कळा दाबून पाहिल्या, माउस हलवून पाहिला, पाऊण तास वाट पाहिली. आणि अखेर चालू-बंद करण्याचे बटन काही सेकंद दाबून धरून तिने संगणक बंद केला. सकाळी तो पुन्हा सुरू केला असता नाव व पासवर्ड विचारणारा पडदा नेहमीप्रमाणे आला. पासवर्ड देताच मात्र सर्वत्र काळोख पसरला, आणि त्या काळोखात माउसचा एक पांढरा बाण तेवढा हलत राहिला.

अशा वेळी बाजारातील दुरुस्ती करणाराचे उत्तर बहुधा ठरलेले असते: 'फॉरमॅट मारून नवीन टाकून देतो, तासाभराचे काम आहे.' काम तासाभराचेच असते हे खरे. परंतु त्या तासात सहा पावसाळे पुसले जावयाचे असतात, आणि ज्या बिघाडावर हा उपाय करावयाचा त्या बिघाडाने त्यांतील एका अक्षरालाही धक्का लावलेला नसतो.

पडदा वर न गेलेले नाटक

तिसरी घंटा झाली, नाट्यगृहातील दिवे मंद झाले, आणि पडदा मात्र वर गेला नाही, तर प्रेक्षक काय समजतात? नाटक मेले असे कोणी म्हणत नाही. पात्रे रंगभूषा करून उभी आहेत, नेपथ्य जागच्या जागी आहे, सूत्रधार आत धावपळ करीत आहे. अडले आहे ते एखाद्या दोरीवर वा कप्पीवर. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाची स्थिती काळ्या पडद्यामागे नेमकी अशीच असते, आणि तशी असण्याचे कारण त्याच्या घडणीत आहे.

ह्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, लायनस टॉरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहावयास घेतला. गाभ्याचे काम यंत्राच्या अवयवांशी बोलण्याचे: डिस्क, स्मृती, कळफलक, पडदा ह्या सर्वांवर त्याची सत्ता चालते. खिडक्या, चित्रे, रंग ह्यांच्याशी मात्र त्याला कर्तव्य नसते. ती व्यवस्था त्याच्याबाहेर, स्वतंत्रपणे वाढली. पडद्यावर खिडक्या रेखाटण्याची एक्स नावाची यंत्रणा मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत १९८४ मध्ये, म्हणजे लिनक्सच्याही सात वर्षे आधी जन्मली. तिची जागा घेऊ पाहणारी वेलँड ही नवी यंत्रणा २००८ मध्ये सुरू झाली. ह्या यंत्रणांच्या वर जी संपूर्ण मांडणी असते तिला डेस्कटॉप म्हणतात. खालची पट्टी, घड्याळ, फोल्डरांच्या खिडक्या, आज्ञावली उघडण्याची यादी ही सर्व तिची अंगे होत. असे दोन मोठे डेस्कटॉप आज प्रचारात आहेत. केडीई हा प्रकल्प माथियास एट्रिश ह्या जर्मन विद्यार्थ्याने १९९६ मध्ये घोषित केला. गनोम त्याच्या पुढील वर्षी, १९९७ मध्ये, मिगेल दे इकासा व फेदेरिको मेना ह्या मेक्सिकोतील दोन तरुणांनी आरंभिला. केडीईच्या डेस्कटॉपला अलीकडे प्लाझ्मा असे नाव आहे.

तेव्हा संगणक सुरू होतो तो पायरी-पायरीने. प्रथम यंत्रात मुळातच बसविलेली लहानशी आज्ञावली जागी होते. ती ग्रब नावाच्या द्वारपालास हाक मारते. तो कर्नलला उठवितो. कर्नल सिस्टिमडी ह्या व्यवस्थापकास कामास लावतो. व्यवस्थापक इतर शेकडो सेवांबरोबर नाव-पासवर्ड विचारणारा पडदा उभा करतो. आणि पासवर्ड पटल्यावर शेवटच्या पायरीस डेस्कटॉप येतो. वरची पायरी ढासळली म्हणून खालच्या ढासळत नाहीत. पासवर्डाचा पडदा दिसला, एवढ्यावरून संशोधिकेला खात्रीने म्हणता आले असते की कर्नल, डिस्क, व्यवस्थापक आणि रेखाटणीची निदान मूळ सोय शाबूत आहे. बाण हलत होता, त्या अर्थी खिडक्या रेखाटणारी केविन ही आज्ञावलीही जिवंत होती. उभी राहिली नव्हती ती एकच गोष्ट: पट्टी, पार्श्वभूमी व घड्याळ दाखविणारे प्लाझ्माशेल. बिघाडाचा पत्ता इतका जवळचा होता.

लक्षणे थोडी निराळी असती, तर पत्ताही निराळा निघाला असता. पासवर्ड दिल्यावर क्षणभर काळोख होऊन पुन्हा पासवर्डाचाच पडदा येत असेल, तर सत्र सुरू होताच कोसळत आहे असे समजावे. डिस्क काठोकाठ भरलेली असणे हे त्याचे एक नेहमीचे कारण. पासवर्डाचा पडदाच येत नसेल, तर तो उभा करणारी सेवा किंवा तिच्याखालील चित्र-चालक तपासावा. अक्षरांच्या काही ओळी सरकून सारे थिजत असेल, तर शोध आणखी खाली, कर्नलकडे न्यावा लागतो.

असे घडलेच का

डेबियनची १२ वी आवृत्ती जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत प्लाझ्मा ५.२७ होता. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीत प्लाझ्मा ६.३ आहे. पाचाचे सहा झाले म्हणजे केवळ अंक बदलला असे नव्हे. प्लाझ्मा ज्या क्यूटी नावाच्या पायाभूत सामग्रीवर उभा असतो ती सामग्रीच पाचव्या पिढीतून सहाव्या पिढीत गेली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये प्लाझ्मा ६ प्रसिद्ध झाला तो ह्या नव्या पायावर. जुन्या पायावरचा खांब नव्या पायावर उभा राहत नाही. म्हणून डेस्कटॉपचे शेकडो भाग एकाच वेळी, एकाच हप्त्यात बदलावे लागतात. निम्मे नवे व निम्मे जुने ही अवस्था दोन्हींहून वाईट.

ह्या भागांना पॅकेज म्हणतात, आणि ते बसविण्याचे काम डेबियनमध्ये डीपीकेजी नावाचे साधन करते. प्रत्येक पॅकेज दोन टप्प्यांत बसते. पहिल्या टप्प्यात त्यातील फाइली उलगडून डिस्कवर ठेवल्या जातात. दुसऱ्यात त्यांची जुळणी होते, म्हणजे इतर भागांशी त्यांचे संबंध जोडून ते पॅकेज कामास योग्य केले जाते. कोणते पॅकेज कोणत्या टप्प्यावर आहे ह्याची नोंद डीपीकेजी अखंड ठेवीत असते. हा हिशेबनीसपणाच पुढे संकटकाळी उपयोगी पडतो.

आता त्या रात्रीचे कुलूप. अपग्रेड चालू असताना संशोधिकेचा जुना डेस्कटॉप संगणकाच्या स्मृतीत चालूच होता, परंतु डिस्कवरील त्याच्या फाइली एकेक करून नव्यांनी बदलल्या जात होत्या. काही मिनिटे कोणी कळ दाबली नाही, तेव्हा नेहमीच्या शिरस्त्याने पडदा कुलूपबंद करण्याची वेळ आली. स्मृतीतील जुन्या आज्ञावलीने कुलपाचे चित्र मांडण्यासाठी डिस्कवरील फाइली मागितल्या. तेथे मिळाल्या त्या नव्या पिढीच्या, किंवा अर्ध्यामुर्ध्या. कुलूप पडले, पण किल्ली घालावयाचे छिद्रच नाहीसे झाले. मागे अपग्रेड मात्र अविरत चालू होते, अथवा एखादा प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत होते. जुळणीच्या टप्प्यात तुम्ही पूर्वी बदललेली अमुक फाइल ठेवू की नवी घेऊ, असे प्रश्न मधूनच येतात, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचे काम थांबते. संगणक बंद करण्याचे बटन दाबले गेले ते ह्या अवस्थेत.

डेबियनचे कर्ते प्रत्येक आवृत्तीबरोबर सूचनापुस्तिका प्रसिद्ध करतात, व अपग्रेड चित्रमय सत्रातून न करता अक्षरांच्या टर्मिनलवरून करावे असे तीत आवर्जून सांगतात. ती पुस्तिका वाचणारे थोडे. तिचा कंटाळवाणेपणाही त्यास काही अंशी जबाबदार आहे, हे मान्य केले पाहिजे.

दुसऱ्या टर्मिनलवर

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ ह्या तीन कळा एकदम दाबल्या असता पडदा बदलतो, आणि काळ्या पृष्ठभागावर नाव विचारणारी एक ओळ येते. हेच ते दुसरे टर्मिनल. लिनक्सच्या गाभ्यात अशी अनेक टर्मिनले प्रथमपासून सज्ज असतात आणि त्यांस डेस्कटॉपची गरज नसते. येथे नाव लिहून एंटर करावे व पासवर्ड द्यावा. पासवर्ड लिहिताना पडद्यावर ठिपकेही उमटत नाहीत. कळफलक बिघडला असे समजून पुष्कळजण येथूनच माघार घेतात.

मराठी वाचकांच्या वाट्याला येथे आणखी एक अडचण येते. ज्यांनी संगणकाची भाषा मराठी निवडली आहे त्यांस ह्या टर्मिनलवर अक्षरांऐवजी चौकटींच्या रांगा दिसण्याचा संभव असतो. कर्नलच्या टर्मिनलास एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकृती ठेवता येतात, आणि देवनागरीतील जोडाक्षरे व मात्रा जुळविण्याची कला त्यास अवगत नाही. ती कला डेस्कटॉपच्या पायरीवर येते. म्हणून 'एक्स्पोर्ट एलसी_ऑल=सी' अशी आज्ञा देऊन त्या बैठकीपुरती भाषा मूळ इंग्रजी करून घ्यावी. (आज्ञा येथे उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत, कळफलकावर त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत, आणि शेवटच्या आज्ञेतील 'एलसी_ऑल' व 'सी' तेवढे मोठ्या अक्षरांत लिहावयाचे.)

नाव-पासवर्ड स्वीकारला गेला की 'एलएस' ही दोन अक्षरांची आज्ञा द्यावी. आपल्या फाइलींची यादी पडद्यावर येते. प्रबंध तेथे असतो, छायाचित्रांचे फोल्डर तेथे असते. ज्याने सकाळपासून सर्व गेले असे धरून ठेवले आहे, त्याला ह्या यादीने किती धीर येतो ते सांगावयास नको. डीपीकेजी प्रणालीच्या फाइली बदलते. वापरणाऱ्याच्या होम फोल्डरातील कागदपत्रांस ते हात लावीत नाही.

दुरुस्तीस प्रारंभ करण्यापूर्वी ह्या फोल्डराची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. डेस्कटॉप नसताना बाहेरची डिस्क आपोआप जोडली जात नाही. 'एलएसबीएलके' ह्या आज्ञेने तिचे नाव शोधून काढावे, 'माउंट' आज्ञेने ती जोडावी आणि 'सीपी -ए' ह्या आज्ञेने संपूर्ण फोल्डर तिच्यावर उतरवावा. ह्यास वेळ लागतो. तो लागू द्यावा. प्रत पूर्ण झाल्यावर पुढील कोणतीही चूक प्राणघातक राहत नाही.

त्यानंतरचा पहिला प्रश्न जागेचा. 'डीएफ -एच' ही आज्ञा डिस्कच्या प्रत्येक विभागात किती जागा उरली ते दाखविते. कोठे १०० टक्के असा आकडा दिसला तर अर्धे निदान तेथेच झाले. अपग्रेडसाठी उतरविलेली पॅकेजे स्वतःच कित्येक गिगाबाइट व्यापतात, व ती उलगडताना आणखी जागा लागते. 'एपीटी क्लीन' ह्या आज्ञेने उतरविलेल्या गठ्ठ्यांची जागा मोकळी होते. बसविलेल्या पॅकेजांस त्यामुळे काहीही होत नाही, मात्र पुढे लागतील ती पॅकेजे पुन्हा उतरवावी लागतात. ही व पुढील काही आज्ञा देण्यास प्रशासकाचा अधिकार लागतो. तो असलेल्याने आज्ञेच्या आरंभी 'सुडो' हा शब्द जोडावा.

दुसरा प्रश्न अर्धवट राहिलेल्या कामाचा. 'डीपीकेजी --ऑडिट' असे विचारले की डीपीकेजी आपली वही उघडून कोणती पॅकेजे उलगडली पण जुळविली नाहीत, कोणती मध्येच सोडली, ती नावानिशी सांगते. जबलपूरच्या यंत्रावर ही यादी लांबलचक निघाली असती. मग 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही आज्ञा द्यावी. तिचा अर्थ असा की, राहिलेल्या सर्वांची जुळणी आता पूर्ण कर. ओळींमागून ओळी सरकू लागतात, मधूनमधून ते जुने प्रश्न पुन्हा विचारले जातात. ज्याने ती फाइल जाणून-बुजून कधी बदललेली नाही, त्याने नवी स्वीकारण्यास हरकत नाही. एखादे पॅकेज दुसऱ्यावाचून अडून बसले, तर 'एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' ही आज्ञा ती गाठ सोडविते, आणि शेवटी 'एपीटी फुल-अपग्रेड' ने राहिलेला हप्ता पुरा होतो.

ह्या शेवटच्या दोहोंस बहुधा इंटरनेट लागते. वायरने जोडलेले जाळे साधारणपणे टर्मिनलवरही चालते. वाय-फायचे मात्र तसे नाही. केडीईमध्ये वाय-फायचा पासवर्ड पुष्कळदा डेस्कटॉपच्याच तिजोरीत ठेवलेला असतो आणि तिजोरी डेस्कटॉपबरोबर बंद पडलेली असते. अशा वेळी मोबाइल फोन यूएसबी तारेने जोडून त्याचे इंटरनेट संगणकास देणे हा सर्वांत सोपा मार्ग होय.

एक गोष्ट येथे सावकाश सांगितली पाहिजे. एपीटी कोणतेही मोठे काम करण्यापूर्वी काय बसविणार, काय बदलणार आणि काय काढून टाकणार ह्याच्या याद्या दाखविते व संमती मागते. ह्यांपैकी काढून टाकावयाची यादी वाचल्याविना संमती देऊ नये. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन ह्या कॅनडातील प्रसिद्ध चित्रफीतकाराने पॉप ओएस ह्या लिनक्स प्रणालीवर स्टीम ही खेळांची आज्ञावली बसवू पाहिली. त्या दिवशी त्या पॅकेजच्या अवलंबनांत चूक होती, आणि ते बसविण्यासाठी संपूर्ण डेस्कटॉप काढून टाकावा लागेल असा हिशेब एपीटीने मांडला. इशारा देऊन तिने 'होय, मी म्हणतो तसे कर' ह्या अर्थाचे एक पूर्ण इंग्रजी वाक्य लिहून मागितले. त्यांनी ते लिहिले, आणि लक्षावधी प्रेक्षकांच्या साक्षीने डेस्कटॉप नाहीसा झाला. पुढे एपीटीच्या कर्त्यांनी एवढ्या सहजपणे अत्यावश्यक पॅकेजे काढता येऊ नयेत अशी सुधारणा केली. दोष केवळ त्या गृहस्थांकडे जात नाही. इशारा दीडशे नावांच्या गर्दीत बुडालेला असला तर तो इशारा कसला? आपल्या यंत्रावर काय काढले गेले हे मागाहून पाहावयाचे असल्यास एपीटीच्या 'हिस्टरी' ह्या नोंदवहीत तारीख-वेळेसह सर्व लिहिलेले असते. डेस्कटॉपच काढला गेला असेल, तर 'एपीटी इन्स्टॉल केडीई-प्लाझ्मा-डेस्कटॉप' एवढ्याने तो परत येतो.

आपलीच जुनी हौस

पॅकेजे सर्व जुळली, संगणक पुन्हा सुरू केला, आणि तरीही काळोख कायम राहिला, तर? येथे एक साधा प्रयोग करावा. टर्मिनलवरून 'ॲडयूजर' ह्या आज्ञेने एक नवा वापरकर्ता निर्माण करून त्याच्या नावाने आत शिरावे. नव्या वापरकर्त्यास डेस्कटॉप दिसला, तर प्रणाली निर्दोष असून दोष पहिल्या वापरकर्त्याच्या जुन्या आवडीनिवडींत आहे हे सिद्ध होते. प्रयोगशाळेत नियंत्रित नमुना ठेवतात, तसाच हा प्रकार.

प्लाझ्मा ५ साठी इतरांनी केलेल्या सजावटी, निराळी घड्याळे, हवामानाच्या चौकटी हौसेने बसविणारे पुष्कळ असतात. त्यांपैकी ज्यांची प्लाझ्मा ६ साठी फेरमांडणी झाली नाही, त्या चालत नाहीत आणि कधी प्लाझ्माशेललाही सोबत घेऊन पडतात. पट्टी व चौकटी ह्यांची मांडणी होम फोल्डरातील 'डॉट कॉन्फिग' ह्या लपलेल्या फोल्डरात, 'ॲपलेट्सआरसी' ह्या शब्दाने संपणाऱ्या एका फाइलीत असते. ती पुसू नये. तिचे नाव बदलावे. नावाची फाइल सापडली नाही म्हणजे प्लाझ्मा नवी, कोरी मांडणी स्वतः तयार करतो, आणि जुनी शेजारी सुरक्षित राहते. 'डॉट कॅश' ह्या फोल्डराचेही तसेच करावे.

सजावट म्हणजे निरुपद्रवी चित्रे, हा समज मार्च २०२४ मध्ये पार ढळला. केडीईच्या सार्वजनिक भांडारातून घेतलेली एक सजावट बसविताच एका वापरकर्त्याचा सर्व वैयक्तिक संग्रह पुसला गेला. अशा सजावटींबरोबर आज्ञाही येऊ शकतात, आणि तीत फाइली पुसणारी एक आज्ञा भलत्या जागी लागू झाली होती. दुष्ट हेतू नव्हता, निष्काळजीपणा होता. केडीईने त्यानंतर वापरकर्त्यांस जाहीर सावधगिरीची सूचना दिली. अपग्रेडपूर्वी परक्या सजावटी उतरवून मूळची ब्रीझ ही सजावट लावून ठेवावी, असे जाणकार सांगतात ते ह्यामुळे.

पासवर्ड न विचारता आपोआप आत नेण्याची सोय ज्यांनी केली आहे त्यांस आणखी एक खड्डा आडवा येऊ शकतो. प्लाझ्मा ६ मध्ये सत्रांची नावे बदलली. पूर्वी 'प्लाझ्मा' म्हणजे एक्सवरील सत्र, आणि वेलँडवरील सत्राचे नाव 'प्लाझ्मावेलँड'. आता नुसते 'प्लाझ्मा' म्हणजे वेलँडवरील सत्र, आणि एक्सवरील सत्र 'प्लाझ्माएक्स११'. जुन्या नोंदीत 'प्लाझ्मावेलँड' लिहून ठेवले असेल, तर त्या नावाचे कोणीच घरात उरलेले नसते. एसडीडीएम ह्या द्वारपडद्याच्या नोंदीतील ते एक नाव दुरुस्त केले की काम भागते.

उरला चित्र-चालक. एनव्हीडिया कंपनीची चित्रपत्रे असलेल्या संगणकांत कंपनीचा चालक प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो. डेबियन १२ चे कर्नल ६.१, तर १३ चे ६.१२, मध्येच वीज गेली तर नवे कर्नल आहे पण त्याच्या मापाचा चालक नाही, अशी स्थिती उद्भवते. ग्रबच्या यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' ह्या नावाखाली जुने कर्नल बहुधा अजून ठेवलेले असते. ते निवडून यंत्र सुरू झाले, की दोषाची जागा आपोआप कळून येते.

व्यवस्थापकाची वही

वरील प्रत्येक तर्काची खातरजमा करण्याचे साधन एकच आहे, आणि घाईत त्याचाच विसर पडतो. सिस्टिमडी हा व्यवस्थापक घडलेली प्रत्येक गोष्ट सेकंदासह लिहून ठेवीत असतो. 'जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर' ही आज्ञा ह्या खेपेस यंत्र सुरू झाल्यापासूनच्या चुका तेवढ्या दाखविते. '-बी' नंतर '-१' लिहिले तर मागील खेपेच्या. ओळी पुष्कळ असतात, आणि सुदृढ यंत्रातही त्यांत काही तक्रारी निघतातच. म्हणून आरंभापासून वाचीत न बसता काळोख झाला ती वेळ आठवून त्या मिनिटाजवळच्या ओळी पाहाव्यात, व तेथील पहिली चूक कोणती हे शोधावे. तिच्या पुढच्या बहुतेक तिच्यापासूनच उद्भवलेल्या असतात. 'प्लाझ्माशेल' हा शब्द आणि त्यापुढे न सापडलेल्या एखाद्या फाइलीचे नाव, इतके हाती लागले तरी पुरे.

क्वचित टर्मिनलही उघडत नाही. तेव्हा दुसऱ्या संगणकावर डेबियनची 'लाइव्ह' प्रत एका पेन ड्राइव्हवर तयार करून तिच्यावरून यंत्र सुरू करावे. आतील डिस्कवर ती काहीही लिहीत नाही. डिस्क उघडून होम फोल्डराची प्रत घ्यावयास ती पुरेशी असते. डिस्क सांकेतिक कुलपात असेल तर कुलपाचे परवलीचे वाक्य मात्र लागते. हे झाल्यावर प्रणाली नव्याने बसविणेच सोयीचे वाटले, तर खुशाल बसवावी. होम फोल्डर स्वतंत्र विभागात असेल तर तो न पुसता तसाच ठेवण्याची सोयही बसविणाऱ्या आज्ञावलीत असते. केरळमधील शासकीय शाळांत लिनक्स वापरात आहे, सी-डॅकची बॉस ही भारतीय प्रणाली डेबियनवरच उभारलेली आहे. ह्या प्रणालींचे तपशील निराळे असले तरी टर्मिनल, नोंदवही आणि पायऱ्यांचा क्रम तेथेही हाच.

जबलपूरच्या संगणकावर राहिलेल्या पॅकेजांची जुळणी एवढेच बहुधा पुरले असते. वीस-पंचवीस मिनिटांत पट्टी व घड्याळ परत आले असते. त्यानंतर एक लहानशी शंका तिला येणारच. फोल्डरावर एकदा क्लिक केले तर तो नुसता निवडला जातो, उघडत नाही. पट्टीही पडद्याच्या कडेपासून किंचित सुटलेली, तरंगल्यासारखी दिसते. काहीतरी अजून मोडलेले आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हे दोन्ही बदल प्लाझ्मा ६ मध्ये हेतुपूर्वक केलेले आहेत. दोनदा क्लिक केले की फोल्डर उघडतो, आणि जुनी सवय मोडवत नसेल तर 'सिस्टिम सेटिंग्ज' मध्ये एका क्लिकचा पर्याय अजूनही ठेवलेला आहे.